पैसे वसूल म्हणजे नेमके काय? थीम पार्कच्या सुट्टीचा हिशेब



तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात थीम पार्क कुठून आले, असे काही जणांच्या मनात आले असेल. येऊ द्या. प्रश्न साधा आहे. मे महिन्याची किंवा नाताळची सुट्टी, चौघांचे कुटुंब, एखाद्या मोठ्या पार्कात तीन-चार दिवस. विमान, हॉटेल, तिकिटे, खाणेपिणे मिळून काही लाखांचा खर्च. आणि तिथे पोहोचल्यावर दिवसाचा बराचसा वेळ रांगेत. हे पैसे वसूल होतात का?

सिंगापूरचा युनिव्हर्सल स्टुडिओ किंवा हाँगकाँगचे डिस्नेलँड पाहून आलेली माणसे आता आपल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत सापडतात. अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आईवडिलांचा नायगारा झाला की फ्लोरिडा ठरलेलेच असते. तेव्हा प्रश्न परका नाही. आज आपण उदाहरण मात्र मुख्यतः एकच घेऊ, फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे. कारण या धंद्याला ज्यांनी वळण लावले त्यांत ते सर्वांत पुढे आहे, आणि तिथल्या दरांचा इतिहास सगळ्यांसमोर आहे.

दोन सोपी उत्तरे आधी बाजूला ठेवू.

पहिले उत्तर विद्वानांचे. फ्रेंच विचारवंत बोद्रियार आणि इटालियन लेखक उम्बेर्तो एको यांनी या पार्कांवर लिहिले आणि ते खूप गाजले. बोद्रियारचे म्हणणे थोडक्यात असे, की डिस्नेलँड उघडउघड खोटे असल्यामुळे बाहेरची अमेरिका खरी वाटू लागते, वास्तविक तीही तितकीच बनावट आहे. विचार चमकदार आहे, पण आपल्या प्रश्नाला तो शिवत नाही. तिथे जाणाऱ्या सहा वर्षांच्या मुलालासुद्धा आतून माहीत असते, की त्या उंदराच्या पोशाखात माणूस आहे. नाटक पाहताना रंगमंचावरचे मरण खरे नाही हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपले डोळे पाणवायचे राहतात का? आपल्या रसशास्त्राने हा प्रश्न हजार वर्षांपूर्वीच सोडवला आहे. रसाला वस्तू खरी असण्याची गरज नाही. त्यामुळे ‘सगळे नकली आहे हो’ हा आक्षेप आम्ही मान्य करत नाही.

दुसरे उत्तर अर्थशास्त्रातले. लोक पैसे मोजतात, पुन्हा पुन्हा जातात, म्हणजे त्यांना ते परवडते आणि आवडते. विषय संपला. पण थांबा. सुट्टीचे दिवस शाळा ठरवते, रजा साहेब देतो. अमेरिकेत तर खासगी नोकरदाराला पगारी रजा मिळालीच पाहिजे असा देशपातळीवर कायदाच नाही. सगळ्यांना एकाच आठवड्यात सुट्टी, म्हणून त्याच आठवड्यात गर्दी आणि त्याच आठवड्यात चढा दर. अशा स्थितीत माणसाने पैसे मोजले एवढ्यावरून त्याला त्या वस्तूची किंमत पटली, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

मग विचार कुठून सुरू करायचा? तिथे नेमके काय विकले जाते, इथून. आणि हे ‘काय’ गेल्या सत्तर वर्षांत बदलत गेले आहे. ते बदलले कसे, तेवढे नीट बघू.

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइम इथे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले. प्रौढाला प्रवेश एक डॉलर, आणि आतल्या खेळांना वेगळे पैसे. त्याच वर्षी कूपनांची वही निघाली. कूपनांना अक्षरे होती. साध्या खेळाला ए, त्याहून बऱ्याला बी, असे करत १९५९ पर्यंत ई कूपन आले. ई म्हणजे सर्वांत थरारक खेळ. वहीत ई कूपने मोजकीच. म्हणजे माणसाला निवड करावी लागे, आपल्या जत्रेत मुलाच्या हातावर ठरावीक नाणी ठेवली की त्याला पाळणा की मौत का कुआं असे ठरवावे लागते, तसेच. फ्लोरिडाचे पार्क १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडले तेव्हाही हीच पद्धत होती.

१९८२ मध्ये कूपने गेली. एकच तिकीट, आत सगळे फुकट. ऐकायला किती छान! पण परिणाम बघा. आत गेल्यावर पुढच्या प्रत्येक खेळाची किंमत शून्य. मग सगळे धावणार ते सर्वांत लोकप्रिय खेळाकडेच. गाडीत बसायच्या जागा तर तेवढ्याच. म्हणजे ज्याची किंमत पूर्वी पैशांत घेतली जायची, त्याची किंमत आता वेळेत घेतली जाऊ लागली. ही गर्दी आभाळातून पडलेली नाही. दरपद्धतीचा तिच्यात मोठा वाटा आहे.

१९९९ मध्ये यावर एक तोडगा निघाला, फास्टपास. यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावर लिहिलेल्या वेळी यायचे, मधल्या वेळात हिंडायचे. तिकीट असलेल्या प्रत्येकाला ही चिठ्ठी विनामूल्य होती. जो लवकर उठेल, जो नीट आखणी करेल त्याचा फायदा जास्त, हे खरे. पण पैशाचा संबंध नव्हता. २०२१ मध्ये तिच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. २०२४ मध्ये आणखी एक पायरी चढली. पाहिजे तेव्हा वेगळ्या रांगेतून आत शिरण्याचा एका दिवसाचा परवाना, ज्याचा दर मॅजिक किंगडममध्ये गर्दीच्या दिवसांत माणशी ४४९ डॉलरपर्यंत ठेवला गेला. हे तिकिटाच्या वर. तिकीट वेगळे, आणि ऐन नाताळात तेही दोनशे डॉलरच्या घरात.

तर मंडळी, क्रम लक्षात घ्या. आधी खेळ विकला. मग दिवस विकला. आता विकली जाते ती गर्दीपासून सुटका, आणि गर्दी जमवणारा व सुटका विकणारा एकच आहे.

कोणी म्हणेल, यात वावगे काय? विमानात बिझनेस क्लास असतोच की. फरक असा आहे. पुढच्याची खुर्ची रुंद झाली म्हणून मागच्याचे विमान उशिरा पोहोचत नाही. इथे मात्र पोहोचते. खेळाच्या गाडीत तासाला किती माणसे बसू शकतात हे ठरलेले आहे. त्यातल्या काही जागा पैसे भरणाऱ्यांसाठी राखल्या, की साधी रांग तेवढी मंदावते. म्हणजे एकाची वाचलेली मिनिटे दुसऱ्याच्या खात्यातून कापली जातात. आणि सगळ्यांनीच ही सोय घेतली तर? तर ती कुणालाच मिळणार नाही. फ्रेड हर्श नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘सोशल लिमिट्स टू ग्रोथ’ या पुस्तकात अशा वस्तूंचा विचार मांडला. गर्दीत एकाने टाचा उंचावल्या तर त्याला दिसते, सगळ्यांनी उंचावल्या तर कुणालाच जास्त दिसत नाही आणि पाय मात्र सगळ्यांचे दुखतात. आपल्या प्रश्नाला हा दाखला नेमका बसतो.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. गर्दीच्या दिवसाचे तिकीट महाग आणि रिकाम्या दिवसाचे स्वस्त, ही पद्धत डिस्नेने २०१६ पासून आणली. तिच्यात तर्क आहे. ज्याला जमते तो आडदिवशी जाईल, गर्दी विभागेल. आपल्याकडे हंगाम नसताना महाबळेश्वरला जाणारे लोक हेच करतात. पण ज्याचे मूल शाळेत आहे त्याला आडदिवस कुठला? म्हणजे ज्या कुटुंबांसाठी हा सगळा डोलारा उभारला, त्यांच्याकडूनच सर्वांत चढा दर घेतला जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. समजा पैसे आहेत, कर्ज काढलेले नाही, जायचे ठरले आहे. मग तिथला अनुभव कसा असतो?

इथे आम्हांला अभिनवगुप्ताची आठवण होते. नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’ या टीकेत त्याने सात रसविघ्ने सांगितली आहेत. प्रेक्षकाला रसाचा अनुभव येण्याच्या आड येणाऱ्या या सात गोष्टी. त्यांतले एक विघ्न असे, की प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखाने व्यापलेला असतो. घरची काळजी, स्वतःचा लाभ, स्वतःची हानी डोक्यात घोळत असेल, तर समोर कितीही उत्तम प्रयोग चालू असो, तो त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. अभिनवगुप्त यावर उपायही सांगतो. गाणे, वाद्य, नृत्य, रंगमंडपाची सजावट, यांनी प्रेक्षकाचे मन त्याच्या स्वतःतून बाहेर काढायचे.

थीम पार्क बांधणाऱ्यांना हा उपाय पुरेपूर माहीत आहे, म्हणजे ग्रंथ वाचून नव्हे, अनुभवाने. फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडमखाली कर्मचाऱ्यांसाठी बोगद्यांचे जाळे आहे. कचरा, सामान, पोशाख बदलणारी माणसे वर दिसू नयेत म्हणून. संगीत, रंग, स्वच्छता, सगळे मनाला बाहेरच्या जगातून सोडवण्यासाठी. हे काम मोठ्या तोलामोलाचे आहे. व्हीलचेअरवरच्या आजीला आणि कडेवरच्या नातवाला एकाच वाटेने नेता येईल अशी सोय आपल्या किती सार्वजनिक जागांत आहे? हे श्रेय मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

पण एका हाताने विघ्न दूर करायचे आणि दुसऱ्या हाताने पेरायचे, असे तिथे झाले आहे. आज त्या पार्कात शिरणाऱ्या माणसाच्या हातात काय असते? फोन. वेगळ्या रांगेतल्या वेळा राखायला त्यांच्या हॉटेलात उतरणाऱ्याला सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी सुरुवात करता येते. मग कुठला खेळ कधी, कुठे किती मिनिटांची रांग, आत्ता इकडे जावे की तिकडे, हे दिवसभर. अडोर्नो आणि होर्कहायमर यांनी १९४० च्या दशकात म्हटले होते, की आधुनिक समाजातली करमणूक ही कामाचेच लांबलेले रूप असते. त्यांचे सगळेच म्हणणे आम्हांला पटते असे नाही. पण सकाळी सातला फोन घेऊन बसलेल्या आणि दिवसभर वेळापत्रक सांभाळणाऱ्या बापाकडे पाहिले, की तो सुट्टीवर आहे की ड्युटीवर, हा प्रश्न पडतो खरा.

आणि या सगळ्याच्या तळाशी तेच आपले दोन शब्द आहेत, पैसे वसूल. इतके डॉलर मोजलेत, म्हणजे किमान इतके खेळ झालेच पाहिजेत. मुलाला कारंज्यापाशी बसायचे आहे, बदकांकडे बघायचे आहे. ‘चल, चल, आपली वेळ झाली.’ मूल थकले, रडायला लागले. ‘एवढे पैसे भरलेत, आता झोपायचे नाही.’ तिकीट जितके महाग, तितका हा हिशेब डोक्यात मोठ्याने चालतो. म्हणजे किंमत ही अनुभवाच्या बाहेर, काउंटरवर राहत नाही. ती अनुभवाच्या आत शिरते आणि तिथे विघ्न होऊन बसते. अमुक रकमेचा आनंद तमुक रकमेला मिळाला, अशी वजाबाकी इथे करता येत नाही, कारण रक्कम वाढली की आनंदाचे स्वरूपच बदलते. आमच्या मते आजच्या विषयाचा गाभा हा आहे.

यावर सर्वांत भक्कम प्रतिवाद आठवणींचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. लोक म्हणतात, रांग विसरली जाते हो, आठवण राहते. हे खरे आहे, त्याला शास्त्रीय आधार आहे. अर्थशास्त्राचे २००२ चे नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनी दाखवले, की एखाद्या अनुभवाचा ठसा ठरवताना आपण त्याची एकूण लांबी जवळजवळ धरतच नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, या दोहोंवर ठसा ठरतो. त्यांचा एक प्रसिद्ध अभ्यास मोठ्या आतड्याच्या तपासणीवरचा आहे. शेवट कमी वेदनेचा झाला, तर जास्त वेळ चाललेली तपासणीही रुग्णांना तुलनेने सुसह्य म्हणून आठवली. आता पार्कचा दिवस आठवा. मध्ये एक-दोन थरारक खेळ आणि शेवटी रात्री किल्ल्यावर आतषबाजी. आठवण गोड राहिली नाही तरच नवल.

मग आठवण गोड आहे, तर पैसे वसूल झाले म्हणायचे का? इथे प्रश्न असा, की न्याय कुणी करायचा? जो नऊ तास उभा होता त्याने, की जो वर्षभराने फोटो बघतो आहे त्याने? आठवणीला आम्ही खोटी साक्षीदार म्हणत नाही. पण ती हितसंबंध असलेली साक्षीदार आहे. मोठी रक्कम खर्चल्यावर ‘उगाच गेलो’ असे स्वतःशीसुद्धा म्हणणे जड जाते. आणि मुलाचे काय? तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचे बहुतेकांना मोठेपणी काहीच आठवत नाही. तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे तिकीट पडत नाही, म्हणून ‘आत्ताच जाऊन येऊ’ असा हिशेब पुष्कळ घरांत होतो. तो हिशेब पैशांत बरोबर आहे. फक्त ती सहल मुलासाठी आहे असे म्हणू नये. ती आईबापांची सहल आहे, आणि त्यात काही वाईट नाही, स्पष्ट म्हटले म्हणजे झाले.

आता गर्दीबद्दल थोडे. गर्दी वाईटच असते का? आपल्या जत्रेचा विचार करा. गर्दी नसलेली जत्रा कुणी बघायला जाईल? तिथे माणसे माणसांना बघायला, भेटायला येतात, गर्दी हाच जत्रेचा अर्धा माल असतो. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत माणूस तासन् तास उभा राहतो आणि विठ्ठलासमोर जेमतेम काही क्षण मिळतात. त्याला कुणी विचारत नाही की वसूल झाले का, कारण चालणे, उभे राहणे, शेजारच्या अनोळखी बाईच्या हातची भाकरी खाणे, हे सगळे त्याच्या लेखी वारीतच मोडते. पार्कातल्या रांगेत पुढचा माणूस म्हणजे माझ्या आणि खेळाच्या मधला अडथळा. एकात वाट बघणे साध्याचा भाग आहे, दुसऱ्यात ते नुसता तोटा आहे. म्हणून तास तेवढेच असले तरी ते सारखे नसतात.

पण यावरून ‘आपली जत्रा थोर, त्यांचे पार्क फोल’ असे म्हणायला आम्ही तयार नाही. साताऱ्याजवळ मांढरदेवीला जानेवारी २००५ मध्ये काळुबाईच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन शेकडो माणसे गेली. गर्दी सुरक्षितपणे हलवणे ही विद्या आहे, आणि ती विद्या पार्कवाल्यांकडून शिकण्यासारखी आहे. दुसरे असे, की पैसे भरून रांग टाळणे हे काही अमेरिकेने आपल्याला शिकवले नाही. तिरुपतीला तीनशे रुपयांचे विशेष दर्शन आहेच. मायकल सँडेल यांनी ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या २०१२ च्या पुस्तकाची सुरुवातच रांगा विकण्याच्या प्रकरणाने केली आहे. रांगेची नीती वेगळी आणि बाजाराची नीती वेगळी, हा त्यांचा मुद्दा आपल्या देवळांनाही लागू पडतो.

त्या नीतीबद्दल एक शेवटची गोष्ट. रांग ही लहान मुलाला समजणारी न्यायाची पहिली संस्था आहे. आधी आला तो आधी जाणार, डॉक्टरचा मुलगा असो की ड्रायव्हरचा. घसरगुंडीवर हे मूल शिकते. मग त्याच मुलाला आपण उन्हात उभ्या असलेल्या दोनशे मुलांच्या शेजारून वेगळ्या दारातून आत नेतो. ते विचारते, ‘ते का थांबलेत?’ याचे उत्तर काय द्यायचे, हे प्रत्येक आईबापाने आपापल्या मनाशी ठरवावे. बाहेर उभे असलेले मूलही तोच प्रश्न विचारते, फक्त उलट्या बाजूने. या दोन्ही प्रश्नांची किंमत बिलात लागत नाही, पण ती मोजली जाते.

तर उत्तर काय? गोलमाल बोलून सुटका करून घ्यायची नाही, म्हणून सरळ सांगतो. मूल आठवण राहण्याच्या वयाचे आहे, ते स्वतः हट्ट धरते आहे, पैसे साठवलेले आहेत, तर एकदा जावे. साध्या तिकिटाने जावे. दिवसाला चार गोष्टी ठरवाव्यात आणि पाचवी सुटली तर सुटू द्यावी. मूल कारंज्यापाशी रमले तर तिथेच बसावे. कर्ज काढून, हप्ते लावून, किंवा शेजारचे गेले म्हणून जाण्याइतके तिथे काही नाही. आणि रांग टाळण्यासाठी वरचे पैसे भरणे आम्हांला पटत नाही. त्यात आपण आनंद विकत घेत नाही, दुसऱ्याचा वेळ विकत घेतो, आणि विक्रेत्याला गर्दी कमी न करण्याचे एक कारण देतो.

राहिला प्रश्न वसुलीचा. वसूल हा शब्द आपल्या भाषेत शेतसाऱ्यासाठी, कर्जासाठी, दंडासाठी वापरतात. समोरचा देणेकरी असला की वसुली होते. सुट्टी आपली देणेकरी नाही, आणि आपली मुले तर नाहीतच. परत आल्यावर मुलांना ‘किती राइड झाल्या?’ असे विचारू नये. ‘काय बघितलेस?’ असे विचारावे आणि ते बदकांबद्दल बोलू लागले तर पुरते ऐकून घ्यावे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.